गावच्या टेनिस बॉल स्पर्धेचे नियम : टॉस उडवण्याआधी काय काय लिहून ठेवावं?

रब्बीची पिकं निघाली, रानं मोकळी झाली की गावोगावी क्रिकेटचा हंगाम सुरू होतो. एखाद्या पडीक रानावर रोलर फिरतो, फक्कीच्या रेघा पडतात आणि चौकात 'भव्य टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा' असे फ्लेक्स लागतात. फ्लेक्सवर बक्षिसाची रक्कम असते, ढाल असते, देणगीदारांचे फोटो असतात. नियम मात्र नसतात. तळाशी एकच ओळ असते : 'पंचांचा निर्णय अंतिम राहील.'

पण पंचांनी निर्णय द्यायचा कशाच्या आधारावर? पंच म्हणून उभा असतो तो गावातलाच पोरगा. त्याला उद्या त्याच माणसांत वावरायचं असतं. नियम कागदावर असेल तर तो कागद दाखवू शकतो. नसेल तर एका नो बॉलवरून मॅच थांबते, एंट्री फी परत मागितली जाते आणि दोन गावांतलं बोलणं वर्षभर बंद होतं. म्हणून हा लेख. यात क्रिकेटचे मूळ नियम काय सांगतात आणि स्थानिक पातळीवर काय ठरवून घ्यावं लागतं, हे दोन्ही दिलं आहे. शेवटी ग्रुपवर टाकायला एक नमुना नियमपत्रकही आहे.

मूळ नियम कुणाचे?

क्रिकेटचे मूळ नियम लंडनचा मेरिलबोन क्रिकेट क्लब, म्हणजे एमसीसी, तयार करतो. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी आयसीसी त्यावर आपल्या जादा अटी घालते. टीव्हीवर दिसतं ते सगळं मूळ नियमात असतंच असं नाही. उदाहरणार्थ, 'फ्री हिट' एमसीसीच्या नियमांत नाही, ती आयसीसीची अट आहे. म्हणजे तुमच्या स्पर्धेत फ्री हिट आहे की नाही, हे तुम्हालाच आधी जाहीर करावं लागतं.

टेनिस बॉल क्रिकेट आता नुसता हौसेचा खेळ राहिलेला नाही. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग झाली. सहा संघ, दहा-दहा ओव्हरचे सामने. गावच्या पोराला तिथवर जायचं असेल, तर नियम माहीत असणं हीसुद्धा तयारीच आहे.

मैदान आणि सामान

पिचची लांबी स्टंप ते स्टंप २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. पावलं मोजून अंदाज घेऊ नका, टेप लावा. तिन्ही स्टंप मिळून रुंदी २२.८६ सेंटिमीटर आणि उंची ७१.१ सेंटिमीटर. फलंदाजाची क्रीज स्टंपच्या पुढे १.२२ मीटरवर.

वाइडची रेघ आवर्जून मारा. आंतरराष्ट्रीय वनडे आणि टी-२० सामन्यांत ती मधल्या स्टंपपासून साधारण ८९ सेंटिमीटरवर असते. रेघ मारली की निम्मी भांडणं तिथेच संपतात.

सीमारेषेला दोरी नसेल आणि फक्कीची रेघ असेल, तर रेघेची पिचकडची कड हीच सीमारेषा. क्षेत्ररक्षकाच्या हातात बॉल असताना त्याचा पाय रेघेला लागला, तरी चौकार किंवा षटकार धरायचा. दर दोन सामन्यांनंतर रेघ पुसट होते, ती पुन्हा मारायला एक माणूस नेमून ठेवा.

साध्या टेनिस बॉलचं वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम असतं. लेदर बॉल जवळजवळ १६० ग्रॅमचा, म्हणजे पावणेतीन पट जड. स्पर्धांमध्ये या दोन्हींच्या मधला हेवी टेनिस बॉलही वापरतात. कोणता बॉल, कोणत्या कंपनीचा आणि किती ओव्हरनंतर नवा मिळणार, हे पत्रकातच लिहा. बॉल फुटला किंवा हरवला तर बदली बॉल तेवढाच वापरलेला द्यायचा. नवा बॉल जास्त उसळतो, त्यामुळे एका संघावर अन्याय होतो. बॅटची मूळ नियमातली मर्यादा रुंदी १०.८ आणि लांबी ९६.५ सेंटिमीटर.

मैदानात झाड, विहीर, विजेची तार

गावच्या मैदानात काहीतरी मध्ये असतंच. बांधावरची बाभळ, विहिरीचा कठडा, शाळेची भिंत, वरून गेलेली तार. मूळ नियम सांगतो की मैदानातला अडथळा सीमारेषा धरायचा का, हे टॉसच्या आधी ठरलं पाहिजे.

याचं प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधलं आहे. कँटरबरीच्या सेंट लॉरेन्स मैदानात सीमारेषेच्या आत लिंडनचं एक मोठं झाड होतं. त्याला बॉल लागला की चार रन, असा तिथला स्थानिक नियम होता. ते झाड २००५ मध्ये पडलं, पण तोवर काउंटी क्रिकेट त्याच नियमाने चाललं. झाड तोडायची गरज नसते, झाडाचं ठरवून ठेवायची गरज असते.

तारेला बॉल लागला तर सरळ 'डेड बॉल' धरावा आणि तो बॉल परत टाकावा. विहिरीत बॉल गेला तर चार रन, असं ठरवता येतं. पण विहिरीला कठडा नसेल, तर त्या बाजूला सीमारेषा आत घ्या. कॅचच्या नादात मागे पळणाऱ्या पोराला विहीर दिसत नाही.

कोण खेळणार?

सर्वांत जास्त वाद इथेच. 'एक गाव एक संघ' म्हणायचं आणि ऐनवेळी बाहेरचे चार खेळाडू उतरवायचे, हे सगळीकडे चालतं. त्यामुळे स्पर्धा कोणती आहे हे स्पष्ट लिहा : फक्त गावची, तालुक्यापुरती की ओपन. बाहेरचे खेळाडू चालणार असतील तर किती, हेही लिहा.

पहिल्या सामन्याआधी प्रत्येक संघाने १५ नावांची यादी द्यावी. त्यानंतर नाव बदलायचं नाही. एक खेळाडू एकाच संघाकडून खेळेल. ओळखपत्र बघायचं असेल तर समोर बघून परत द्या, आधार कार्डाचे फोटो ग्रुपवर मागवू नका. आक्षेप घ्यायचा असेल तर सामन्याचा पहिला बॉल पडण्याआधी. मॅच हरल्यावर आठवलेला आक्षेप चालणार नाही, ही ओळ ठळक अक्षरात टाका.

नो बॉल आणि वाइड

कमरेच्या वरून आलेला फुल टॉस नो बॉल. फलंदाज क्रीजमध्ये सरळ उभा आहे असं धरून कंबर मोजायची. तो खाली वाकला म्हणून नो बॉल होत नाही.

क्रीजच्या आत एकापेक्षा जास्त टप्पे पडले किंवा बॉल घरंगळत आला तर नो बॉल. २०१७ च्या आधी दोन टप्पे चालत होते. जुने खेळाडू अजून तेच धरून बसतात.

डोक्याच्या वरून गेलेला बाउन्सर एमसीसीच्या नियमात नो बॉल आहे, पण आंतरराष्ट्रीय सामन्यांत तो वाइड देतात. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या परीने बरोबर असतात, म्हणून वाद मिटत नाही. तुम्ही एक निवडा आणि लिहा.

फेकी बॉलिंग हा टेनिस बॉलमधला जुना रोग. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये बॉल टाकताना कोपर १५ अंशांपर्यंत सरळ झालेला चालतो, पण ते मोजायला प्रयोगशाळा लागते. गावात सोपा मार्ग : दोन्ही पंचांचं एकमत झालं तर पहिल्यांदा नो बॉल आणि ताकीद, दुसऱ्यांदा झालं तर त्या सामन्यात त्याची बॉलिंग बंद. राहिलेले बॉल दुसऱ्याने टाकायचे.

फ्री हिटवर दांडी उडाली तर?

फ्री हिटवर बोल्ड झालं तरी फलंदाज बाद नाही आणि बॉल 'डेड'ही होत नाही. पळून काढलेले रन मोजायचे. २३ ऑक्टोबर २०२२ ला मेलबर्नमध्ये भारत-पाकिस्तान सामन्यात हेच झालं. फ्री हिटवर कोहलीच्या स्टंपला बॉल लागून लांब गेला आणि भारताने तीन बाय पळून काढले. पाकिस्तानच्या खेळाडूंनी पंचांकडे तक्रार केली, पण निर्णय नियमानुसारच होता.

बाद होण्याचे वादाचे प्रकार

कॅच आऊट झाल्यावर कोण खेळणार? आधी फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलं असेल तर जुना फलंदाज स्ट्राइकवर यायचा. १ ऑक्टोबर २०२२ पासून हे बदललं. आता ओव्हर संपली नसेल तर नवा फलंदाजच स्ट्राइक घेतो. गावात अजून अनेक ठिकाणी जुनंच चालतं. शेवटच्या ओव्हरमध्ये यावरून सामना फिरतो.

नॉनस्ट्रायकर आधीच क्रीज सोडून पळाला आणि बॉलरने दांडी उडवली, तर तो रन आऊट. भारताच्या विनू मंकड यांनी १९४७ मध्ये सिडनीत बिल ब्राऊनला असं बाद केलं, तेव्हापासून त्याला 'मंकडिंग' म्हणतात. २०२२ मध्ये एमसीसीने हा प्रकार 'अयोग्य खेळ' या कलमातून काढून साध्या रन आऊटच्या कलमात टाकला. बॉलरचा हात सर्वांत वर पोचेपर्यंत नॉनस्ट्रायकरने आतच राहायचं. 'आधी ताकीद दिली नव्हती' ही तक्रार नियमात बसत नाही. तुमच्या गावात एक ताकीद ठेवायची असेल तर पत्रकात लिहा.

पायचीत, म्हणजे एलबीडब्ल्यू, बहुतेक टेनिस बॉल स्पर्धांत नसतं. नसेल तर तसं लिहा, आणि मुद्दाम पाय आडवा घालणाऱ्याचं काय करायचं तेही लिहा.

अपील केल्याशिवाय पंच बाद देत नाहीत, आणि पुढच्या बॉलसाठी बॉलर पळायला लागला की अपीलची वेळ संपली.

ओव्हरथ्रोचे रन किती?

बॉल फेकला त्या क्षणी फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलं होतं का, हे बघायचं. ओलांडलं असेल तर तो रन धरायचा, नसेल तर नाही. पूर्ण झालेले रन आणि सीमारेषेचे चार त्यात मिळवायचे.

२०१९ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये गुप्टिलचा थ्रो स्टोक्सच्या बॅटला लागून सीमेपार गेला. पंचांनी सहा रन दिले. थ्रो सुटला तेव्हा फलंदाजांनी दुसऱ्या रनसाठी एकमेकांना ओलांडलं नव्हतं, त्यामुळे पाचच द्यायला हवे होते, असं माजी पंच सायमन टॉफेल यांनी नंतर सांगितलं. जगातले नामांकित पंच तिथे चुकू शकतात, तर आपल्या गावच्या पंचावर लगेच धावून जाऊ नये.

मॅच टाय झाली तर

त्याच फायनलमध्ये सामना टाय झाला, सुपर ओव्हरही टाय झाली आणि जास्त चौकार-षटकार मारले म्हणून इंग्लंडला विजेता ठरवलं. जगभर टीका झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयसीसीने नियम बदलला आणि निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर खेळायची असं ठरवलं. गावातही हेच ठेवा. अंधार पडणार असेल तर काय करायचं, तेवढी एक ओळ जास्तीची लिहा. चिठ्ठी टाकून विजेता ठरवायचा असेल, तरी ते आधी मान्य झालेलं असावं.

नेट रन रेट : कागद-पेन घेऊन बसा

साखळी सामने असले की शेवटी गुण सारखे होतात आणि रन रेटवर येऊन गाडी अडते. यात तीन चुका नेहमी होतात.

पहिली चूक : ४.३ ओव्हर म्हणजे ४.३ ने भागायचं नाही. चार ओव्हर तीन बॉल म्हणजे साडेचार ओव्हर, म्हणजे ४.५.

दुसरी चूक : संघ ऑल आऊट झाला तर खेळलेल्या ओव्हर नाहीत, पूर्ण ओव्हर धरायच्या. समजा सहा ओव्हरचा सामना आहे. आपल्या संघाने ६ ओव्हरमध्ये ६० रन केले. समोरचा संघ ४.३ ओव्हरमध्ये ४२ रनांत ऑल आऊट झाला. त्यांचा रन रेट ४२ भागिले ६, म्हणजे ७. आपला १०. आपला नेट रन रेट अधिक ३.

तिसरी चूक : प्रत्येक सामन्याचा नेट रन रेट काढून सरासरी काढणं. समजा दुसऱ्या सामन्यात आपण ६ ओव्हरमध्ये ४८ केले आणि समोरच्यांनी ५ ओव्हरमध्येच ४९ करून सामना जिंकला. आता एकूण धरायचं. आपले रन ६० अधिक ४८, म्हणजे १०८, ओव्हर १२, रेट ९. आपल्याविरुद्ध रन ४२ अधिक ४९, म्हणजे ९१, ओव्हर ६ अधिक ५, म्हणजे ११, रेट ८.२७. नेट रन रेट अधिक ०.७३. सरासरी काढली असती तर ०.६० आला असता. तेवढ्या फरकाने सेमी फायनल जाते.

पंच, स्कोअरर आणि मोबाईलचा व्हिडिओ

दोन्ही पंच तिसऱ्या गावचे असावेत. जमत नसेल तर जे दोन संघ खेळत नाहीत त्यांच्यातले घ्या. स्कोअर लिहायला दोन माणसं बसवा, दोन्ही संघांकडून एकेक. प्रत्येक ओव्हरनंतर दोघांनी आकडा जुळवायचा आणि माइकवर सांगायचा. नंतर 'एक रन कमी धरला' असं कुणी म्हणू शकत नाही.

आता बहुतेक स्पर्धा यूट्यूबवर लाइव्ह असतात. व्हिडिओ बघून निर्णय बदलायचा का, हे ठरवा. एकच कॅमेरा असेल तर त्यातून वाइड किंवा कॅच नीट कळत नाही. त्यामुळे व्हिडिओ फक्त रन आऊटसाठी, आणि तोही पंचांनी मागितला तरच, असं ठेवलं तर बरं. प्रेक्षकांच्या मोबाईलमधला व्हिडिओ अजिबात धरू नका.

पंचांशी हुज्जत कॅप्टननेच घालायची, इतरांनी नाही. २०१७ पासून मूळ नियमांतही शिस्तीचं कलम आहे. पंचांना धमकी दिली किंवा कुणाच्या अंगावर हात टाकला, तर त्या खेळाडूला उरलेल्या सामन्यासाठी बाहेर काढता येतं आणि समोरच्या संघाला पाच रन मिळतात.

अंगणातले आणि खळ्यातले नियम

बारकी पोरं प्लास्टिकचा बॉल घेऊन अंगणात, शाळेच्या पटांगणात खेळतात. आता त्यांच्याही छोट्या स्पर्धा भरतात. प्लास्टिकचा बॉल हलका असतो, कौलं-काचा फुटत नाहीत आणि लागला तरी फारसं होत नाही. इथे जागा लहान, म्हणून नियमही वेगळे : बॉलिंग अंडरआर्म, भिंतीपलीकडे थेट मारला तर आऊट, एक टप्पा पडून एका हाताने पकडला तर आऊट, मागे गेलेल्या बॉलला रन नाही, शेवटचा भिडू एकटाही खेळू शकतो, आणि ज्याने बाहेर मारला त्यानेच बॉल आणायचा.

यातला एकही नियम एमसीसीच्या पुस्तकात नाही, तरी ही पोरं तासन् तास न भांडता खेळतात. कारण पहिला बॉल पडायच्या आधी सगळं मोठ्याने बोलून घेतलेलं असतं. जो नंतर नियम बदलतो त्याला 'रडीचा डाव खेळतो' म्हणतात. मोठ्यांच्या स्पर्धेतही तेच लागू आहे.

आयोजकांनी एवढं विसरू नये

मैदान गावठाणातलं किंवा शाळेचं असेल तर ग्रामपंचायतीची, शाळेची लेखी परवानगी घ्या. गर्दी आणि लाउडस्पीकर असेल तर पोलीस ठाण्यात अर्ज द्या. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा ध्वनिप्रदूषणाचा २००० सालचा नियम नाइट स्पर्धेलाही लागू आहे. लाइटसाठी आकडा टाकू नका. ती वीजचोरी ठरते आणि ओल्या मैदानात जिवावर बेतते. महावितरणकडून तात्पुरतं कनेक्शन मिळतं. सामन्यावर पैसे लावणं हा जुगार आहे, गुन्हा दाखल होऊ शकतो.

एप्रिल-मे महिन्यात दुपारी १२ ते ४ सामने ठेवू नका. मैदानावर पाणी, ओआरएस आणि एक गाडी तयार ठेवा. रुग्णवाहिकेचा नंबर १०८. ढग गडगडायला लागले की खेळ थांबवा आणि झाडाखाली उभं राहू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेच्या 'दामिनी' ॲपवर जवळपास वीज पडण्याचा इशारा मिळतो.

नमुना नियमपत्रक

खालचा मजकूर कॉपी करून आपल्या स्पर्धेप्रमाणे आकडे बदला आणि एंट्री घेतानाच प्रत्येक कॅप्टनची सही घ्या.

१. सामना ६ ओव्हरचा. एका बॉलरला जास्तीत जास्त २ ओव्हर. फायनल ८ ओव्हरची.
२. संघ ११ जणांचा. १५ जणांची यादी आधी द्यायची. आक्षेप पहिल्या बॉलआधी.
३. ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांत संघ आला नाही तर समोरच्या संघाला विजय.
४. नो बॉलला १ रन आणि फ्री हिट. वाइडला १ रन. डोक्यावरचा बाउन्सर नो बॉल.
५. एलबीडब्ल्यू नाही. नॉनस्ट्रायकर बाहेर असेल तर रन आऊट, ताकीद नाही.
६. कॅच आऊटनंतर नवा फलंदाज स्ट्राइकवर.
७. तारेला बॉल लागला तर डेड बॉल. झाडाला लागला तर ४ रन, कॅच धरायचा नाही.
८. फेकी बॉलिंगला एकदा ताकीद, नंतर बॉलिंग बंद.
९. टाय झाल्यास निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर.
१०. पावसाने थांबल्यास किमान ३ ओव्हरचा नवा सामना. तोही न झाल्यास गुण वाटून.
११. गुण सारखे झाल्यास आधी आपसातला निकाल, मग नेट रन रेट.
१२. पंचांशी फक्त कॅप्टन बोलेल. शिवीगाळ किंवा मारहाण केल्यास खेळाडू स्पर्धेबाहेर.
१३. या पत्रकात नसलेल्या बाबतीत पंच निर्णय देतील आणि तो अंतिम राहील.

तेराव्या नियमाला खरं वजन येतं ते आधीच्या बारा नियमांमुळे. हे पत्रक मोठ्या अक्षरात छापून स्कोअररच्या टेबलाला लावा. खर्च एका झेरॉक्सचा आहे.